‘वेंट’ की ‘हॅड गॉन’? घोळ आपल्या ‘होतो’मध्ये आहे

लालबागला संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी एकच विचारते, काल काय केलंत? आणि निम्मा वर्ग सांगतो, “यस्टरडे आय हॅड गॉन टू दादर.” ऑफिसच्या मेलमध्येही हेच: “आय हॅड सेंट यू द फाइल ऑन मंडे.” 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी ही चूक जागची हललेली नाही.

साध्या भूतकाळावर वेळ घालवत नाही. गो, वेंट, गॉन तुम्हाला पाठ आहे. ‘डिड’ आलं की पुढे ‘गो’च, ‘डिड वेंट’ नाही, एवढं पुरे. उच्चाराची तर काळजीच सोडा. ‘व’ थोडा जाड आला म्हणून कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते ‘होतो’पाशी. मराठीत ‘होतो’ दोन कामं करतो, इंग्रजीतलं ‘हॅड’ त्यातलं एकच करतं.

“मी काल दादरला गेले होते.” इथलं ‘होते’ सांगतं की मी गेले आणि परतही आले, विषय संपला. नुसतं “मी काल दादरला गेले” म्हणून थांबून बघा. समोरचा “बरं, मग?” म्हणेल, कारण आता पुढे काहीतरी येणार असं त्याला वाटतं. इंग्रजीत बरोबर उलटं आहे. “आय वेंट टू दादर यस्टरडे” म्हटलं की वाक्य पुरं झालं. “आय हॅड गॉन टू दादर” म्हटलं की ऐकणारा “मग?” म्हणून ताटकळतो.

हे ताटकळणं माझ्या एका विद्यार्थिनीने अनुभवलं. व्हिडिओ कॉलवर मुलाखत होती, समोर लंडनच्या बाई. ही म्हणाली, “लास्ट इयर आय हॅड वर्क्ड इन अ बँक,” आणि थांबली. बाईही थांबल्या, वाक्याचा उरलेला भाग यायची वाट बघत. हिला वाटलं, बँकेचं नाव काढून चूक झाली. घाबरून ती भलतंच बोलत सुटली. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाली, “मॅडम, त्या गप्प का बसल्या?” एका ‘हॅड’मुळे.

आता दुसरं काम. “मी दादरला पोचले तेव्हा गाडी सुटली” आणि “मी दादरला पोचले तेव्हा गाडी सुटली होती.” पहिल्या वाक्यात गाडी माझ्या डोळ्यांदेखत हलली. दुसऱ्यात मी जिना उतरले तर फलाट रिकामा. मुंबईकराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीतही अगदी तसंच: “द ट्रेन लेफ्ट” आणि “द ट्रेन हॅड लेफ्ट”. म्हणजे ‘हॅड’ तुम्हाला आधीपासून येतं. ते फक्त या दुसऱ्या ‘होती’साठी राखून ठेवा, पहिल्यासाठी वापरू नका.

मराठी व्याकरणात ‘गेला होता’ला पूर्ण भूतकाळ म्हणतात, आणि इंग्रजीतल्या ‘हॅड गॉन’लाही आपण तेच नाव देऊन ठेवलंय. नाव एक म्हणून वापरही एकच, असं मुलं धरून चालतात. डावीकडे ‘होतो’, उजवीकडे ‘हॅड’ असे तक्ते छापणाऱ्या गाइडांचा मला मनापासून राग येतो. वर्गात असा तक्ता दिसला की मी तो मिटून ठेवायला लावते.

तपासायचं कसं? ‘हॅड’ तोंडात आलं की स्वतःला विचारा, कशाच्या आधी? “1853 साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली होती” हे मराठीत सहज बोलतो. कशाच्या आधी धावली? उत्तर नाही, म्हणून इंग्रजीत “द फर्स्ट ट्रेन रॅन इन 1853”. पण 1925 साली व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, तोवर वाफेच्या इंजिनांनी 72 वर्षं गाड्या ओढल्या होत्या. कशाच्या आधी? विजेच्या गाडीच्या आधी. इथे “हॅड पुल्ड” हवंच.

वाक्यात ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ असेल तर क्रम त्या शब्दानेच कळतो. “आय एट बिफोर आय लेफ्ट” चालतं, आणि मला तेच आवडतं.

सरावासाठी मी एकच गोष्ट करायला लावते. घरी जाताना, परळ ते कुर्ला म्हणा, कालचा दिवस हळू आवाजात इंग्रजीत सांगायचा, एकही ‘हॅड’ न वापरता. आय वोक अप, आय मिस्ड द फास्ट ट्रेन, आय कॉल्ड माय आई. पहिले चार दिवस जीभ अडखळते, कारण मनात ‘उठले होते, चुकली होती’ चालू असतं. मग कधीतरी गाडी खरंच आधी सुटलेली असते, आणि तिथे ‘हॅड’ आपोआप येतं. त्या मुलीला दुसऱ्या मुलाखतीत पुन्हा बँकेबद्दल विचारलं. ती म्हणाली, “आय वर्क्ड देअर फॉर अ इयर.” समोरून लगेच पुढचा प्रश्न आला.