भांडेवाडी सांडपाणी प्रक्रिया केंद्र

नागपूर महानगरपालिकेचे सर्वांत मोठे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र. शहराच्या पूर्वेस, नाग नदीच्या काठी, कचरा डेपोशेजारी. 100 दशलक्ष लिटर प्रतिदिन (दललि) क्षमतेचा मूळ प्रकल्प साधारणतः 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला मानतात. पुढे त्याची क्षमता 200 दललि झाली. महानिर्मितीच्या (राज्याची वीजनिर्मिती कंपनी) सहभागातून उभारलेला 130 दललि प्रकल्प 2015 च्या सुमारास सुरू झाला. त्याचे पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते, त्यामुळे पेंच धरणाचे तेवढे पाणी वाचते.

येथील एसबीआर पद्धतीत भरणे, हवा देणे, निवळणे आणि उपसणे ही कामे एकाच टाकीत पाळीपाळीने होतात. हवा थांबली की फेस विरतो, तपकिरी गाळ हळूहळू तळाशी बसतो आणि वर नितळ पाण्याचा थर उरतो. तेवढाच थर वरून काढून घेतात. हवा असताना जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात आणि हवा बंद असताना नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. फॉस्फरसचे तसे नाही. तो वायू होत नाही, जिवाणूंच्या शरीरात साठतो. साठलेला गाळ वेळेवर बाहेर काढला नाही, तर फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतो.

हे पाणी किती शुद्ध असावे, यावर मतभेद आहेत. केंद्र सरकारच्या 2017 च्या अधिसूचनेत बीओडीची (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) मर्यादा महानगरांना लिटरमागे 20 व इतरत्र 30 मिलिग्रॅम होती. नायट्रोजन-फॉस्फरसचा उल्लेख नव्हता. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये बीओडी 10 वर आणली, एकूण नायट्रोजनलाही 10 ची मर्यादा घातली. फॉस्फरसची 1 मिलिग्रॅमची अट मात्र तलावात सोडल्या जाणाऱ्या पाण्यापुरती ठेवली. भांडेवाडीचे पाणी पडते नदीत, म्हणून ही अट येथे गैरलागू, असे एक मत. परंतु नाग कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते, तो आंभोऱ्याचा संगम आता गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात आहे. पवनीजवळच्या या धरणाची पूर्ण संचय पातळी 245.5 मीटर. त्यामुळे एकेकाळी वाहून जाणारे पाणी आता थांबते, आणि थांबलेल्या पाण्यात फॉस्फरसवर पोसणारी जलपर्णी फोफावते. हा प्रवाह तलावात जाणारा धरूनच मोजावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

क्षमता वाढली, तरी नदी तेवढ्याच प्रमाणात स्वच्छ झाली असे नाही. शहराचे सांडपाणी 500 दललिहून अधिक आहे. शुद्ध झालेल्या पाण्याचा मोठा वाटा वीज केंद्रांकडे वळतो. मलवाहिनीला न जोडलेल्या वस्त्यांचे पाणी नाल्यांतून थेट नाग व पिली नद्यांत येते. म्हणजे नदीच्या वाट्याला न शुद्ध झालेलेच अधिक. यासाठी सुमारे 1,927 कोटी रुपयांच्या नाग नदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्पाला 2022 मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. त्याला जपानी अर्थसाहाय्य आहे.

गोसीखुर्दच्या जलाशयाकाठी ढिवर समाजाची मासेमारी चालते, आणि भंडारा शहराला पिण्याचे पाणी वैनगंगेतूनच मिळते.