धुळ्याची हद्दवाढ : आधी वसाहती, मग आराखडा

वलवाडी, महिंदळे, अवधान, नकाणे अशी लगतची 11 गावे जानेवारी 2018 मध्ये धुळे महापालिकेत आली. मालमत्ता कराची बिले निघाली की सोयी नसताना कर कशाचा, हा तेव्हापासूनचा वाद पुन्हा वर येतो. त्याचे मूळ मात्र आधीच्या 15-20 वर्षांत आहे.

जुने धुळे आखून वसवलेले. सरळ गल्ल्या इंग्रजी अमलातल्या, पत्ता आजही गल्लीच्या नंबरावरून सांगतात. पुढे पांझरा नदीपलीकडे देवपूर वाढले. 2003 साली महापालिका झाली, पण हद्द जुन्या नगरपालिकेचीच राहिली. चूक झाली ती इथे.

जनगणनेत ते दिसते. 2001 मध्ये हद्दीतली लोकसंख्या 3,41,755 होती, 2011 मध्ये 3,75,559. म्हणजे दहा वर्षांत जेमतेम दहा टक्के वाढ. त्याच काळात जळगाव 3,68,618 वरून 4,60,228 वर गेले. धुळ्यात रोजगार कमी, हे कारण आहेच. पण वस्ती हद्दीबाहेर सरकत होती, हेही तितकेच खरे. देवपूर आणि वलवाडी यांच्यामधली सीमा नकाशावर होती, रस्त्यावर कुठेच नव्हती.

हद्दीबाहेर प्लॉट स्वस्त पडायचा. शेत एनए (बिगरशेती) करायचे, लेआउट पाडायचा, मुरुमाचे रस्ते टाकायचे, एक बोअर मारून पाइप फिरवायचा आणि प्लॉट विकून मोकळे व्हायचे. जिथे एनएसुद्धा नव्हते तिथे गुंठेवारी, म्हणजे परवानगीविना गुंठ्यागुंठ्याने विकलेली शेतजमीन: सातबाऱ्यावर एकाखाली एक नावे, सगळ्यांचे क्षेत्र सामाईक. पहिल्या पावसात काळी माती मुरूम गिळते आणि रिक्षा कॉलनीच्या तोंडाशीच थांबते. सांडपाणी शोषखड्ड्यात, तो भरला की शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर. अशा पन्नास कॉलन्यांचा भार ग्रामपंचायतीने कसा पेलायचा?

म्हणून हद्दवाढ हवीच होती. गावकऱ्यांचा विरोध तरीही समजण्यासारखा आहे. ग्रामपंचायत गेली, रोजगार हमी आणि ग्रामीण घरकुलाच्या योजना गेल्या. शेतावर जगणारा माणूस एका अधिसूचनेने शहरी झाला. कर टप्प्याटप्प्याने वाढवण्याची सोय कायद्यात आहे, पण बिल येते तेव्हा दारात गटार नसते, हा आक्षेप टप्प्यांनी सुटत नाही. शिवाय नकाणे आणि डेडरगाव तलाव, तापी योजना असूनही जुन्या शहरालाच रोज पाणी मिळत नव्हते. नव्या भागाला ते कुठून द्यायचे, हे आधी ठरायला हवे होते.

डिसेंबर 2018 ची निवडणूक वाढीव हद्दीसह झाली. डिसेंबर 2020 मध्ये राज्यभर एकत्रित बांधकाम नियमावली आली. 2021 मध्ये कोणत्या तारखेपर्यंतची गुंठेवारी नियमित होईल, ती मर्यादा 1 जानेवारी 2001 वरून 31 डिसेंबर 2020 पर्यंत नेली गेली. घरमालकांना त्याने दिलासा मिळाला. बँकेचे कर्ज, बांधकाम परवानगी यांचा मार्ग खुला झाला. पण नियमित झालेल्या गुंठेवारीत शाळेला, दवाखान्याला, बागेला जागा मागायची कोणाकडे? लेआउटमध्ये निदान दहा टक्के ओपन स्पेस कागदावर असतो. गुंठेवारीत तोही विकला गेलेला असतो. वाढीव हद्दीच्या विकास आराखड्यात आरक्षणे टाकायची तर ती उरल्यासुरल्या शेतांवरच पडणार, आणि तिथला शेतकरी विचारणार: प्लॉट त्यांनी पाडले, जमीन आमची का?