पाचवा गिअर बसला, पण प्रॉपेलर शाफ्टचं काय?

जुनी अ‍ॅम्बेसेडर हौसेनं बाळगणाऱ्यांना एक बदल फार खुणावतो. १४८९ सीसीचं मूळ इंजिन आणि चार गिअरचा बॉक्स उतरवायचा आणि नव्वदच्या दशकातल्या अ‍ॅम्बेसेडरमधलं इसुझूचं १८०० सीसी इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससकट चढवायचं. खर्चाच्या अंदाजात क्लच, माउंटिंग, जमिनीतून वर येणारा गिअरचा दांडा, आरटीओतली इंजिन नंबरची नोंद, सगळं धरलेलं असतं. प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या नळीचा विषय मात्र ‘तो काय, कापून जोडून घेऊ’ एवढ्यावर मिटतो. कापणं खरंच सोपं आहे. गाडी पुढे थरथरते ती बहुतेकदा कोनांमुळे.

गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर, जवळजवळ स्थिर बसलेला असतो. मागचा एक्सल पाट्यांच्या स्प्रिंगांवर असतो आणि प्रत्येक खड्ड्याला वरखाली होतो. या दोघांमध्ये ताकद पोचवायची, म्हणजे शाफ्टला फिरता फिरता वाकायलाही हवं आणि लांब-आखूडही व्हायला हवं. लांब-आखूड होण्याचं काम स्प्लाइनवर (दांड्यावरच्या उभ्या खाचांवर) सरकणारं योक, म्हणजे चिमट्यासारखं टोक करतं, तर वाकण्याचं काम दोन टोकांचे क्रॉस, म्हणजे दोन चिमट्यांना जोडणारे अधिकच्या चिन्हासारखे तुकडे. या क्रॉसच्या सांध्याला इटलीच्या जेरोलामो कार्दानोचं नाव लागलं, इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचंही लागलं. मोटारीत तो रुळला तो क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकी अभियंत्यानं १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतल्यानंतर. तोवर बऱ्याच मोटारींची चाकं साखळीनं फिरत.

या सांध्यात एक जन्मजात खोड आहे. तो कोनात असेल तर एका बाजूनं अगदी एकसारखी गती दिली तरी दुसऱ्या बाजूला ती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावते, दोनदा मागे रेंगाळते. कोन ३ अंशांचा असेल तर हा चढउतार ०.१४ टक्क्यांच्या आसपास असतो, १० अंशांना तो दीड टक्क्यावर जातो. म्हणजे कोन तिप्पट-साडेतिप्पट झाला, तर त्रास दहापटीहून जास्त वाढला. यावरचा इलाज मात्र सुंदर आहे. दुसऱ्या टोकाला तसाच सांधा, तितक्याच कोनात बसवला की पहिल्यानं केलेली गडबड दुसरा निस्तरतो. त्यासाठी दोन अटी आहेत: शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे (योक) एका रेषेत हवेत आणि गिअरबॉक्समधून निघणारी रेषा व डिफरन्शियलच्या (मागच्या एक्सलमधल्या गिअरपेटीच्या) पिनियनची, म्हणजे शाफ्ट जिथे जोडला जातो त्या छोट्या गिअरच्या दांड्याची रेषा एकमेकींना समांतर हव्यात.

नवा बॉक्स चढवताना बिघडते ती ही दुसरी अट. बॉक्सचं शेपूट लांब असतं, बॉक्सला खालून आधार देणारी जुनी आडवी पट्टी (क्रॉस मेंबर) जुळत नाही, मग कुणीतरी दोन पट्ट्यांची पॅकिंग घालून बोल्ट आवळतं. पुढच्या माउंटिंगपासून एक मीटरवर १० मिलिमीटरची पॅकिंग म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त फरक. दोन सांध्यांच्या कोनांत साधारण एक अंशाचाच फरक चालतो, त्यातला निम्मा इथेच संपला. एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पाचर घालून पिनियनची रेषा फिरवता येते, पण आधी गिअरबॉक्सची उंची नीट करावी. पाचर हा शेवटचा उपाय. आणखी एक गोष्ट, ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक वर उठतं, म्हणून ते उभ्या गाडीत थोडं खाली ठेवायची पद्धत आहे.

मग कोन शून्यच का ठेवू नये? कारण क्रॉसच्या टोकांवरच्या वाट्यांमधल्या सुया (सुईसारखे बारीक रोलर) कोन असेल तरच थोड्या थोड्या गडगडतात. शाफ्ट अगदी सरळ असेल तर त्या एकाच जागी दाब देत राहतात, पोलादावर खाचा पाडतात आणि क्रॉस लवकर जातो. अर्धा ते तीन अंश ही मजेत राहण्याची जागा.

लांबीचं माप गाडी चारही चाकांवर उभी असतानाच घ्यावं. जॅकवर एक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप चुकीचंच येणार. सरकतं योक पूर्ण आत ढकलून मग अंदाजे २० ते २५ मिलिमीटर बाहेर ओढायचं, ती त्याची जागा. याहून कमी ठेवलं तर मोठ्या खड्ड्यात योक आत जाऊन गिअरबॉक्सवर आदळेल. फार जास्त ठेवलं तर स्प्लाइनची पकड थोडीच उरेल.

शाफ्ट आखूड झाला याची धास्ती बाळगू नये, तो फायदाच आहे. लांब नळी एका ठरावीक वेगाला मधोमध फुगून फिरू लागते, उड्या मारायची दोरी फिरते तशी. हा वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. साठ मिलिमीटर व्यासाच्या, दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीचं गणित केलं तर दीड मीटर लांबीला तो मिनिटाला सुमारे ४४०० फेऱ्या येतो, १.२ मीटरला ६८००. प्रत्यक्षात या आकड्यापासून बरंच खाली राहावं लागतं.

पाचव्या गिअरमुळे शाफ्ट जास्त पळतो, असं बरेच मेकॅनिक सांगतात. ते अर्धंच खरं. शाफ्टच्या फेऱ्या ठरतात गाडीचा वेग, टायरचा घेर आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर यांवर. घेर २ मीटर आणि गुणोत्तर ४.५ धरलं, तर ताशी १०० किलोमीटरला शाफ्ट ३७५० फेऱ्या घेणार, गिअर कुठलाही असो. फरक एवढाच की चौथ्या गिअरात इंजिन ओरडून ड्रायव्हरला आवरायचं, पाचव्यात ते शांत असतं आणि पाय नकळत खाली जातो.

कापण्यापूर्वी नळीवर आणि योकवर एका रेषेत खूण करावी, म्हणजे चिमटे जुळवताना अंदाज बांधावा लागत नाही. कापणं लेथवर, जुन्या वेल्डपाशी. वेल्डिंगच्या उष्णतेनं नळी वाकते, तेव्हा डायल गेज (बारीक वाकडेपणा मोजणारं घड्याळी माप) लावून ती सरळ करून घ्यायची आणि मग फिरवून बॅलन्सिंग. ते टाळू नये. मध्यापासून ३० मिलिमीटरवर १० ग्रॅम जादा वजन राहिलं, तर ४००० फेऱ्यांना ते पाच किलोहून अधिक भाराएवढा हिसका देतं, सेकंदाला सदुसष्ट वेळा.

एवढं करूनही थरथर राहिली, तर मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ६० ला गाडी न्यूट्रल करून पाहावी. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष. आता ठोके ओळखायचे. वरच्याच घेर-गुणोत्तराला, या वेगात चाकाचा दोष सेकंदाला आठेक वेळा जाणवतो, शाफ्टच्या असमतोलाचा सदतीसच्या आसपास आणि कोन चुकल्याचा त्याच्या दुप्पट, म्हणजे पंचाहत्तर. मोबाइलमधलं कंपन मोजणारं साधं अ‍ॅपही हा फरक दाखवू शकतं. आकडा पंचाहत्तरचा आला तर शाफ्ट पुन्हा बॅलन्सिंगला पाठवून पैसे घालवू नयेत. गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सची पॅकिंग तपासावी.