मागे वळून पाहणारा उंदीर

वर्ष संपत आले की ‘मागे वळून पाहू नका, पश्चात्ताप हा वेळेचा अपव्यय आहे’ अशा अर्थाचे संदेश भ्रमणध्वनीवर फिरू लागतात आणि त्यांच्या जोडीला बहुधा आणखी एक विधान येते, ते म्हणजे प्राणी केवळ वर्तमानात जगतात म्हणून ते सुखी असतात. पश्चात्ताप ही माणसाच्या मनाला जडलेली व्याधी आहे, हे गृहीतक या दोन्ही विधानांच्या मुळाशी आहे. मला ते मान्य नाही, कारण मर्यादित वेळ कुठे खर्च करावा हे शिकण्यासाठी मेंदू जो हिशेब करतो त्याचाच पश्चात्ताप हा एक भाग आहे, आणि तो हिशेब उंदराच्या मेंदूतही पाहता येतो.

अपेक्षाभंग आणि पश्चात्ताप यांत आधी फरक केला पाहिजे. एसटी वाटेत बंद पडली आणि लग्न हुकले, तर तो अपेक्षाभंग. पण समोर उभी असलेली गाडी ‘मागून रिकामी येईल’ म्हणून आपणच सोडली आणि पुढची दोन तासांनी आली, तर पश्चात्ताप. नुकसान दोन्हीकडे सारखेच आहे. मात्र दुसऱ्या प्रसंगात आपण वेगळे वागलो असतो तर काय झाले असते याची तुलना मेंदूला करावी लागते, म्हणजे जे घडलेच नाही त्याचे चित्र उभे करावे लागते.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲडम स्टायनर आणि डेव्हिड रेडिश यांनी हा फरक रॅट जातीच्या उंदरांमध्ये शोधला आणि 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी एक गोलाकार मार्ग तयार करून त्यावर चार ‘खानावळी’ थाटल्या. चेरी, केळे आणि चॉकलेट अशा तीन स्वादांच्या गोळ्या तीन ठिकाणी आणि बिनस्वादाच्या गोळ्या चौथ्या ठिकाणी मिळत. उंदीर दाराशी आला की एक स्वर वाजे आणि त्याच्या उंचीवरून त्याला कळे की इथे किती सेकंद थांबावे लागेल. थांबायचे की पुढे जायचे हे त्याने ठरवायचे, पण दिवसभराचे अन्न मिळवायला त्याच्याकडे होती फक्त 60 मिनिटे. त्यामुळे प्रत्येक सेकंदाला किंमत आली, आणि ‘केळ्यासाठी इतका वेळ थांबेन, त्याहून जास्त नाही’ अशी प्रत्येक उंदराची आपली मर्यादा ठरून गेली.

आता असा प्रसंग घ्या, की उंदराने आपल्या मर्यादेत बसणारा स्वस्त सौदा सोडला आणि पुढच्या दाराशी त्याला फार महाग सौदा भेटला. अशा वेळी उंदीर थांबून मागच्या खानावळीकडे वळून पाहत असे. एरवी जी प्रतीक्षा त्याने नाकारली असती ती तो आता पत्करत असे आणि गोळी मिळताच ती घाईने संपवून पुढे निघत असे. आधीचा निर्णय योग्य होता, पण पुढचा सौदा महाग निघाला, अशा प्रसंगी मात्र हे वर्तन तसे दिसले नाही, कारण तो निव्वळ अपेक्षाभंग होता.

याहून विलक्षण गोष्ट चेतापेशींच्या नोंदींत दिसली. कोणत्या खानावळीच्या दाराशी कोणत्या पेशी कशा सक्रिय होतात याचा नमुना नोंदवून ठेवला, तर नंतर केवळ पेशींच्या हालचालींवरून त्या क्षणी मेंदूत कोणत्या जागेचे प्रतिरूप उमटले आहे हे सांगता येते. वळून पाहण्याच्या त्या क्षणी डोळ्यांच्या खोबणीवर असलेल्या ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, तसेच व्हेंट्रल स्ट्रायटम या भागात, मागच्या खानावळीचे प्रतिरूप उमटत होते. त्यातही ठळक होते ते हुकलेल्या गोळीचे नव्हे, तर जिथे निर्णय चुकला त्या दाराचे. उंदराला आतून काय वाटत असेल ते या नोंदी सांगत नाहीत. मात्र ‘तिथे वेगळे वागायला हवे होते’ ही तुलना त्याचा मेंदू करतो, एवढे त्या निश्चित दाखवतात.

माणसांत हाच भाग निकामी झाला तर काय होते, हे फ्रान्समधील संशोधकांच्या गटाने 2004 मध्ये जुगाराच्या चाकांच्या प्रयोगातून दाखवले होते. निरोगी व्यक्तींना न निवडलेल्या चाकावर मोठी रक्कम आल्याचे दाखवले की त्या हळहळत आणि पुढची निवड बदलत. ज्यांच्या ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सला इजा झाली होती ते रुग्ण स्वतःच्या हार-जितीने सुखी किंवा दुःखी होत, पण दुसऱ्या चाकाचे त्यांना काहीच वाटत नसे, आणि पश्चात्ताप टाळायलाही ते शिकत नसत. पश्चात्तापरहित जीवनाचे आश्वासन देणाऱ्या कार्यशाळांनी या रुग्णांची हकीकत अवश्य वाचावी. ‘साडेसाती चालू होती’ हे स्पष्टीकरणही मला याच कारणासाठी घातक वाटते, कारण त्यात स्वतःची निवडच हिशेबातून वगळली जाते. पश्चात्तापाचे रूपांतर निव्वळ अपेक्षाभंगात होते आणि तुलना करायला काही उरत नाही.

रेडिश यांच्याच प्रयोगशाळेत ब्रायन स्वाइस यांनी पुढे लहान जातीच्या उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा खानावळीचे दोन भाग केले होते: दाराशी विचार करण्याची जागा आणि आत थांबण्याची जागा. सुरुवातीला उंदीर जवळपास प्रत्येक सौदा घाईने स्वीकारत आणि आत गेल्यावर मन बदलून बाहेर पडत. अनेक आठवड्यांनंतर ते दाराशीच रेंगाळून ठरवू लागले. आत घालवलेला वेळ जितका जास्त, तितके उरलेली प्रतीक्षा अर्ध्यावर सोडणे त्यांना जड जाई, आणि गोळ्यांऐवजी चित्रफिती देऊन माणसांवर केलेल्या तशाच प्रयोगातही हे आढळले. दाराशी विचारात घालवलेल्या वेळाचे मात्र, तो कितीही असला तरी, असे कोणतेही ओझे दिसले नाही.