पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचा भागाकार : शाब्दिक उदाहरणे

1¼, 2½, 7½ यांसारख्या, पूर्णांक आणि अपूर्णांक मिळून झालेल्या संख्यांचा भागाकार. मराठीत यांना सुटसुटीत नावे आहेत : सव्वा, अडीच, साडेसात. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ती दोन भाषांत चालतात; दाल बाजारात ‘ढाई किलो’ म्हणून घेतलेली डाळ घरी येऊन ‘अडीच किलो’ होते.

शाब्दिक उदाहरणात मुले अडतात ती कशाला कशाने भागायचे इथे. एका नगाचे माप दिले असेल आणि नग किती होतील असे विचारले असेल, तर ते माप भाजक. साडेसात मीटर कापडातून सव्वा मीटरचा एक याप्रमाणे किती परकर होतील? शाळेतल्या रीतीने दोन्ही संख्या अंशाधिक अपूर्णांकात लिहून भाजकाच्या गुणाकार व्यस्ताने गुणतात : 15/2 × 4/5 = 6. हा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये दिला असून भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (1150) तो आहे.

वडीलधारी मंडळी हेच पावांत मोजतात. साडेसातात तीस पाव, सव्वात पाच पाव; तिसाला पाचाने भागले की सहा. भाजक उलटा का करायचा हे ज्या मुलाला पटत नाही, त्याला आधी ही रीत दाखवावी. अडीचकी पाठ असेल तर पडताळा तोंडीच होतो : सव्वा दुणे अडीच, अडीच त्रिक साडेसात. पूर्णांक पूर्णांकाने आणि अपूर्णांक अपूर्णांकाने वेगवेगळा भागणे ही नेहमीची चूक. तसे केल्यास इथे 7 आणि 2 मिळून 9 येतील, आणि नऊ परकरांना कापड सव्वाअकरा मीटर लागेल.

उत्तर पूर्ण आले नाही, तर खरा विचार तिथे सुरू होतो. सव्वापाच किलो श्रीखंड दीड किलोच्या डब्यांत भरायचे तर उत्तर 3½ येते, पण डबे चार लागतात. कापडात याच उत्तराला तीनच नग निघाले असते.

उरलेला अपूर्णांक कशाचा, हे तर हमखास चुकते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ. स. 876 चा शिलालेख आहे. त्यातील 270 आणि 50 या आकड्यांत शून्य कोरलेले असल्याने तो जगप्रसिद्ध झाला. देवाला रोज 50 माळा मिळाव्यात म्हणून दिलेल्या फुलबागेची जमीन त्यात 270 हात लांब, 187 हात रुंद अशी नोंदली आहे. समजा, या रुंदीत अडीच-अडीच हातांचे वाफे पाडायचे आहेत. 187 ÷ 2½ = 374/5 = 74⅘. हे ⅘ पाहून बहुतेक मुले ‘74 वाफे आणि ⅘ हात जागा’ असे लिहितात. पण ⅘ हा वाफ्याचा भाग आहे, हाताचा नव्हे. 74 वाफ्यांना 185 हात लागले. उरले पूर्ण दोन हात, आणि अडीच हातांचे ⅘ म्हणजे तेवढेच.