साधं फिल्ट्रेशन की व्हॅक्यूम? आधी ठरवा काय हवंय

बारावीच्या प्रॅक्टिकलला मुलं दरवर्षी इथेच गोंधळतात. दोन्हीकडे फनेल, दोन्हीकडे फिल्टर पेपर, मग व्हॅक्यूमवालं म्हणजे तेच पण फास्ट, असं त्यांना वाटतं. फास्ट आहे हे खरंय, पण म्हणून कुठेही लावून चालत नाही.

मी एकच विचारते, तुला पेपरवरचं हवंय की खालचं? खालचा द्राव हवा असेल तर साधं नरसाळं घ्यायचं आणि थेंब थेंब पडू द्यायचं. पेपरवरचे क्रिस्टल्स हवे असतील, तेही बऱ्यापैकी कोरडे, तर बुखनर फनेल, म्हणजे सपाट बुडाला भोकं असलेलं, व्हॅक्यूमवर चालणारं नरसाळं.

बेंझोइक अ‍ॅसिड शुद्ध करताना तर एकाच प्रयोगात दोन्ही लागतात बघा. 100 मिली उकळत्या पाण्यात ते 5 ग्रॅमच्या वर विरघळतं, 25 अंशाला जेमतेम 0.3 ग्रॅम. त्यामुळे गरम द्रावणातला कचरा काढताना साधंच गाळायचं, नरसाळं आधी गरम करून, कारण तिथे व्हॅक्यूम लावला की कमी दाबामुळे गरम पाणी खाली फ्लास्कमध्ये उकळायला लागतं, द्रावण पटकन थंड होतं आणि क्रिस्टल्स बुखनरच्या भोकांतच अडकून बसतात. नंतर सगळं बर्फात गार करून पांढरे क्रिस्टल्स पडले की मग बुखनर वापरायचा.

फेरिक हायड्रॉक्साइडसारखा बुळबुळीत साका असेल तरी साधंच बरं, व्हॅक्यूमने तो पेपरला चिकटून छिद्रं बुजवतो.

बुखनरचा पेपर सगळी भोकं झाकेल पण कडेने वर चढणार नाही एवढाच कापा, थोड्या गार पाण्याने भिजवा, पंपाचा नळ सोडला (हा पंप पाण्याच्या नळाला लावलेला असतो, वाहत्या पाण्याबरोबर फ्लास्कमधली हवा काढतो) की पेपर बुडाला चप्प बसतो. खरं तर पंप द्राव ओढत नाहीच, आतली हवा कमी झाली की बाहेरची हवा वरून ढकलते. म्हणून साक्याला भेग पडली की हवा तिथूनच निघून जाते आणि बाकीचे क्रिस्टल्स ओलेच राहतात, अशा वेळी चपट्या बुचाने भेग दाबून घ्यायची. (हा बुखनर म्हणजे एर्न्स्ट, 1888 मध्ये त्याने हे फनेल मांडलं, 1907 चं नोबेल मिळालेला एडुआर्ड वेगळा.)

खाली फ्लास्क जाड काचेचा, बाजूला नळी असलेलाच हवा. साधा कोनिकल फ्लास्क व्हॅक्यूमला लावू नका, पातळ काच आतल्या बाजूला फुटू शकते.

आणि थांबताना आधी फ्लास्कची पंपाकडे जाणारी रबरी नळी काढायची, मग नळ बंद करायचा. मी शिकत असताना उलटं केलं होतं, मध्ये उलटं येणारं पाणी अडवणारी ट्रॅपची बाटलीही नव्हती, नळाचं पाणी सरळ फ्लास्कमध्ये आलं आणि ज्या द्रावातून अजून थोडे क्रिस्टल्स काढायचे होते तो सगळा वाया गेला.