कच्च्या रेखाटनाची पार्श्वभूमी

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये लिओनार्दो दा विंचीचं एक रेखाटन आहे. मेरी, बाळ येशू आणि संत ॲन यांना कसं बसवायचं, हे तो त्या कागदावर ठरवत होता. रेघेवर रेघ चढत गेली आणि शेवटी कुठला पाय कुणाचा, हेही कळेना. मग त्याने हवी तेवढीच बाह्यरेषा टोकदार हत्याराने दाबून कोरली, कागद उलटला आणि मागे उमटलेला ठसा गिरवला.

आज या गिचमिडीचं नवल वाटत नाही, पण त्या काळी ते होतं. मध्ययुगीन कार्यशाळांत नमुन्यांच्या वह्या असत आणि त्यांवरून चित्र उतरवलं जाई. चित्रासाठी वापरल्या जाणाऱ्या चामड्याच्या मानाने स्वस्त कागद इटलीत मुबलक झाला, तशी चार रेघा वाया घालवायची चैन परवडू लागली. डिझाइनमधल्या सर्जनशीलतेचा इतिहास सांगताना प्रतिभेबद्दल खूप बोललं जातं. कागदाच्या किमतीबद्दलही बोलायला हवं.

पुढच्या तीन शतकांत मान मिळाला तो मात्र पक्क्या रेघेला. फ्रान्समध्ये गास्पार मोंझ या गणितज्ञाने त्रिमितीतली वस्तू सपाट कागदावर नेमकी मांडण्याची भूमिती बसवली; ती इतकी उपयोगी ठरली, की काही काळ लष्करी गुपित म्हणून जपली गेली. कारखाने आल्यावर आखणारा एकीकडे आणि घडवणारा दुसरीकडे झाला. आता रेखाटन म्हणजे हुकूम होता, आणि हुकमात संदिग्धता चालत नाही.

मुंबईत चित्रकलेचं शिक्षण आलं ते याच वळणाचं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. तिच्यावर छाप होती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची: २३ पायऱ्यांचा अभ्यासक्रम, आधी छापील बाह्यरेषांची नक्कल, मग प्लास्टरच्या प्रतिकृती पाहून चित्रं. कारागिराचा हात आणि डोळा तयार व्हावा, हा हेतू. आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांत ती शिस्त अजून दिसते. संकल्पचित्राच्या पेपरात अर्धी नक्षी काढायची, ट्रेसिंग पेपरवर घ्यायची, उलटून उरलेल्या अर्ध्यात उतरवायची, कच्च्या रेघा खोडायच्या आणि रंग बाहेर जाऊ द्यायचा नाही. हात खरोखर तयार होतो, यात वाद नाही. पण विचार जिथे झाला, त्या रेघा खोडरबराच्या भुग्याबरोबर झटकल्या जातात.

कच्च्या रेघेकडे अभ्यासकांचं लक्ष वळलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कलेचा मानसशास्त्रज्ञ रुडॉल्फ आर्नहाइमने १९६९ मध्ये मांडलं, की पाहणं हाच विचार आहे. डोळे माल पुरवतात आणि मेंदू नंतर विचार करतो, असं होत नाही. १९८३ मध्ये व्यावसायिक कसे विचार करतात याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी वास्तुकलेच्या वर्गातला एक प्रसंग बारकाईने उलगडला. उतारावर शाळा बसवताना एक विद्यार्थिनी अडली होती. शिक्षकाने तिच्या आराखड्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि बोलता बोलता रेघा ओढल्या. प्रत्येक रेघेनंतर जागेबद्दल काहीतरी नवं दिसे आणि पुढची रेघ त्यावरून ठरे. डिझाइनच्या संशोधक गॅब्रिएला गोल्डश्मिट यांनी १९९१ मध्ये हीच देवाणघेवाण क्षणाक्षणाने तपासली: डिझायनर मनातलं कागदावर उतरवतो, तसाच कागदावरून न योजलेलं काही उचलतोही.

दरम्यान संगणक आला होता. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात आयव्हन सदरलँडने ‘स्केचपॅड’ हा पडद्यावर चित्र काढायचा प्रोग्रॅम बनवला. नाव कच्च्या वहीचं, पण पडद्यावरची रेघ सरळ आणि नेमकी. आकलनाचे अभ्यासक विनोद गोयल यांनी १९९५ मध्ये हाताची रेखाटनं आणि संगणकावरची चित्रं यांची तुलना केली. अस्पष्ट रेघेतून एका कल्पनेवरून दुसऱ्या कल्पनेवर उडी मारणं सोपं जातं, नेमकी रेघ पहिल्याच कल्पनेला चिकटून राहते, असं त्यांना आढळलं.

पेन्सिलीच्या भक्तांनी यावर फार हुरळून जाऊ नये. २००६ च्या एका अभ्यासात अनुभवी वास्तुविशारदांना डोळ्यांवर पट्टी बांधून घराचा आराखडा मनातच करायला सांगितलं; त्यांचं काम रेखाटून केलेल्या कामापेक्षा फारसं उणं ठरलं नाही. अर्थात ते सगळे मुरलेले होते. नवशिक्याला कागद लागतोच. पवईच्या आयआयटीकडून घेतल्या जाणाऱ्या ‘यूसीड’ या डिझाइन प्रवेशपरीक्षेत बाकीचा पेपर संगणकावर असला, तरी एका भागात हाताने चित्र काढावं लागतं.